२१० सेंटिमीटरचा बेंच

पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या वजन उचलण्याच्या खेळात, एकच प्रकार असतो, बेंच प्रेस. उताणं झोपायचं, रॉड छातीपर्यंत खाली आणायचा, तिथे तो पूर्ण थांबला पाहिजे, आणि मग दोन्ही हात एकसारखे वर जाऊन कोपरं ताठ झाली पाहिजेत. रॉड छातीवर आपटून उसळला की लाल दिवा. एक हात पुढे आणि दुसरा मागून आला तरी लाल. पंच तिघं असतात, दोन पांढरे दिवे मिळाले की लिफ्ट धरतात.

हे सगळं ज्या बेंचवर होतं तो जिममधल्या बेंचसारखा नसतो. २१० सेंटिमीटर लांब, ६१ सेंटिमीटर रुंद, आणि हात खाली यायला जागा मिळावी म्हणून डोक्याकडे अरुंद. पाय जमिनीवर टेकवायचे नाहीत, बेंचवरच सरळ ठेवून वरून पट्ट्याने बांधायचे. धडधाकट माणूस टाचा रोवून पायांचा जोर कमरेतून वर आणतो. आमच्या खेळात तो जोर धरलेलाच नाही. जे उचलायचं ते छाती, खांदे, दंड आणि पाठ यांच्या बळावर.

माझ्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर लावून चालते. सांगलीत ज्या जिममध्ये जायला लागले तिथले सर मनापासून शिकवायचे. "ताई, दोन्ही पाय खाली टेका, पायानं रेटा," म्हणायचे, कारण ते तसंच शिकलेले. डावा पाय टेकायचा, उजवा लोंबायचा, कंबर एका अंगाला वळायची आणि रॉड तिरका. ४० किलो हातांना जड नव्हते. अंगच त्या अरुंद बेंचवरून सरकत होतं.

शेवटी माझ्या मावसभावाने बेंच करून दिला. कुपवाडला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. चौकोनी पाइप, जाड प्लायवूड, फोम, वरून काळं रेक्झिन, आणि भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट पट्टे म्हणून. "एवढा रुंद कशाला, दोघी झोपणार आहात का?" असं विचारत त्याने मापात मात्र तसूभर फरक केला नाही. पाय बांधून झोपल्यावर पहिल्यांदाच रॉड सरळ वर गेला. ताकद तीच होती, तिला जागा मिळाली.

पण बायकांच्या बाबतीत बेंच मिळून भागत नाही. मांड्यांवरून पट्टा आवळायचा असतो, आणि तो बांधायला कोण? जिममध्ये सगळे पुरुष. खेड्यातल्या मुलीची आई दारातून हे बघते आणि दुसऱ्या दिवशी मुलगी येत नाही. मला त्या आईचा राग येत नाही. तिथे एक बाई प्रशिक्षक हवी, किंवा निदान पट्टा बांधायला आणि मागे उभं राहायला शिकलेली एक मैत्रीण. माझ्याबरोबर माझी वहिनी येते. तिने स्वतः कधी डंबेल उचललं नव्हतं, आता रॉड कुठे अडकणार हे तिला माझ्याआधी कळतं.

पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांनी वजन उचलायला सुरुवात केली १९६४ साली, टोकियोत. बायकांना त्यासाठी २००० सालच्या सिडनीपर्यंत थांबावं लागलं. त्या पहिल्याच वर्षी नायजेरियाच्या लुसी एजिकेने रौप्य घेतलं आणि पुढच्या प्रत्येक पॅरालिम्पिकमध्ये, थेट २०२१ मध्ये झालेल्या टोकियोपर्यंत, तिच्या गळ्यात पदक पडत गेलं. २०१६ साली रिओत ६१ किलो वजनगटात तिने १४२ किलो उचलले. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आपल्याकडची सकिना खातून पश्चिम बंगालची, तिलाही पोलिओच. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्य मिळवलं. २०२१ च्या टोकियोत ५० किलो गटात ९३ किलो उचलून ती पाचवी आली. त्याच गटात चीनच्या हू दानदानने आणि इजिप्तच्या रेहाब अहमदने सारखेच १२० किलो उचलले, आणि शरीराचं वजन कमी म्हणून सुवर्ण हू दानदानला गेलं. किती बारीक हिशेबाचा खेळ आहे हा! बातमीत मात्र "अपंगत्वावर मात" एवढंच येतं, किलो शोधावे लागतात.

सकिनाच्या पदकाच्याच वर्षी, मार्च २०१४ मध्ये, भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणजे आमच्यासारख्या जवळजवळ शेवटच्याच. पुढे येतील त्या अपघातात पाय गेलेल्या, मणक्याला इजा झालेल्या मुली. पोलिओवालीला निदान लहानपणापासून हातांवर शरीर तोलायची सवय असते. या मुलींना ते नव्याने शिकायचं आहे, आणि त्यांना लवकर बेंच मिळायला हवा, तळमजल्यावर.

महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींना उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. जिल्हा क्रीडा संकुलंही आहेत. त्या निधीतून संकुलात एक बेंच आणि पट्टे ठेवा, आणि आठवड्यातले काही तास बाई प्रशिक्षक नेमा, हे मी अर्जात लिहिलं आहे. तुमच्या गावात तुम्हीही लिहा. वर्कशॉपवाला ओळखीचा असेल तर बेंचची मापं कमेंटमध्ये मागा, मावसभावाने काढलेलं रेखाटन पाठवते.