राखून ठेवलेलं पुस्तक

शुक्रवार, रात्रीचे सव्वाअकरा

संपवलं एकदाचं. चार दिवस लागले. त्यातले दोन दिवस पुस्तक उशीखाली होतं आणि मी मोबाईलवर मिक्सरच्या भांड्यांच्या किमती बघत होते. जुन्या काळच्या इंग्रजी प्रेमकथा लिहिणारी माझी लाडकी लेखिका जॉर्जेट हेयर, तिचं न वाचलेलं पुस्तक घरात असताना मी मिक्सरची भांडी बघितली. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून वही काढलीय.

'द ब्लॅक मॉथ'. तिची पहिली कादंबरी, आणि माझी वाचायची राहिलेली शेवटची. (रहस्यकथा मी मोजत नाही. तिने स्वतःच ज्या काही कादंबऱ्या पुन्हा छापू दिल्या नाहीत, त्याही नाहीत. बाईंनी दार लावून घेतलंय तर आपण खिडकीतून डोकावू नये.)

ही मी राखून ठेवली होती. डब्याच्या तळाशी एखादा बेसनाचा लाडू लपवून ठेवतात तशी. कधीतरी फारच वाईट दिवस उगवेल, त्या दिवशी हाताशी एक तरी न वाचलेली हेयर असावी. या भरवशावर बरीच वर्षं निघाली. बाबांच्या वेळी काढली नाही. लॉकडाऊनमध्ये काढली नाही. मावशीच्या तेराव्यानंतरसुद्धा कपाटापर्यंत गेले आणि परत आले. सोमवारी दादाचा फोन आला, फ्लॅटचं बोलणं झालं (जाऊ दे), आणि फोन ठेवल्यावर वाटलं, आज.

लाडू खवट निघाला.

काय आहे त्यात? एक अर्ल. धाकट्या भावाने पत्त्यांत लबाडी केली, तो आळ याने स्वतःवर घेतला आणि घर सोडलं. इथपर्यंत ठीक. पुढे हा वाटमारी करतो. वाटमाऱ्या, पण कपडे असे की कुणाच्या लग्नात मिरवावेत. पानोपानी लेस, पावडर, कोटांचे रंग. बोलायच्या आधी माणसं उसासे टाकतात, बोलून झाल्यावरही टाकतात. भाऊ पश्चात्तापाने झुरतोय. भावाची बायको लॅव्हिनिया रडतेय, रुसतेय, पैसे उधळतेय. आणि नायिका? डायना सुंदर आहे. बस, एवढंच. एक ड्यूक तिला पळवायला बघतो, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा तोच वाटमाऱ्या अर्ल धावून येतो. एवढं सगळं होऊनही या मुलीच्या डोक्यात स्वतःचा म्हणून एक विचार येत नाही.

आणि हे कुणी लिहिलंय, तर जिने मला सोफी दिली! गरज पडली तर पिस्तूल चालवणारी सोफी. (त्यातलं ज्यू सावकाराचं प्रकरण मी दरवेळी तोंड कडू करून उलटते, ते वेगळं. तिथे तिला माफी नाही.) जिने फ्रेडी दिला, दिसायला बेताचा, बुद्धीने त्याहून बेताचा, आणि तरी शेवटी वाटतं की संसार करावा तर असल्याशी. जिने व्हेनेशियाला शेजारच्या बदनाम माणसाबरोबर काव्याच्या ओळींची देवघेव करायला लावली, आणि तेवढ्यात दोघांचं सगळं सांगून टाकलं. मुळात त्या बाईकडे उसासा नावाची गोष्टच नव्हती. माझी तर अशी समजूत होती की ती जन्मतःच एक भुवई उंचावून आली असणार.

नव्हती आली.

दिवसभर शब्द शोधतेय या भावनेला. अपेक्षाभंग म्हटलं तर बँकेच्या पत्रासारखं वाटतं. राग म्हणावा तर राग कुणाचा? हिरमोड. हो, हिरमोडच. सहलीच्या दिवशी पाऊस लागून शाळेतून घरी पाठवतात तेव्हाचा. पण इतका? एका पुस्तकाने? संध्याकाळी कुकर लावताना डोळे भरून आले, आणि कांदासुद्धा चिरत नव्हते. पन्नाशी उलटलेली बाई, अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या खोट्या इंग्रजी ड्यूकसाठी ओट्याशी रडतेय. शोभतं का?

बरं, तिला तरी काय बोलायचं? १९०२ चा तिचा जन्म. हे लिहिलं तेव्हा सतरा वर्षांची. छापून आलं १९२१ मध्ये. सतराव्या वर्षी मी बारावीच्या फिजिक्सचं जर्नल पूर्ण करत होते, तेही मैत्रिणीचं बघून. आणि पोरीला आपलं काय जमलंय ते कळलंही होतं. या पुस्तकात एकच माणूस खरा जिवंत आहे, तो म्हणजे खलनायक. काळे नि चंदेरी कपडे घालणारा, हळू आवाजात बोलणारा तो ड्यूक. पुढे तिने याला उचललं. नाव बदललं, थोडं वय चढवलं, आणि १९२६ च्या 'दीज ओल्ड शेड्स'मध्ये नायक करून उभा केला. आपला एव्हन! त्याच्या जुन्या भानगडीत कुणा मुलीला पळवून नेल्याची जी कुजबुज आहे, ती म्हणजे ही डायना. नाव तेवढं वेगळं. म्हणजे माझ्या लाडक्या पुस्तकाचा कच्चा खर्डा मी चार दिवस वाचत होते आणि मिक्सरची भांडी बघत होते.

हे सगळं पटतं. तरी हिरमोड जागच्या जागी.

खरं सांगायचं तर उसाशांचं एवढं काही नाही. आता एकही उरली नाही, हे आहे. वाईट दिवसासाठी काही शिल्लक नाही. आणि तो वाईट दिवस सोमवारचाच होता का, की मी उगाच घाई केली? दादा म्हणाला, "तू भावनिक होतेस." होते. मग?

आता ते तिकिटाचं.

ही प्रत मावशीची. कधीची दिली होती तिने, आणि देताना म्हणाली होती, "ही सगळ्यात शेवटी वाच हं." मला वाटलं, सगळ्यात चांगली असणार. मावशी तशी होती, जेवताना श्रीखंडाची वाटी शेवटपर्यंत बाजूला सारून ठेवणारी. तर बुधवारी ९६व्या पानावर एक पीएमटीचं तिकीट सापडलं. पातळ, गुलाबी होतं बहुतेक, आता त्याला रंग नाही. कंडक्टरने पाडलेलं भोक. ९६ पानांपर्यंत कडा मऊ झाल्यात, एका जागी हळदीचं बोट आहे. त्यापुढे पुस्तक करकरीत. उघडताना कणा कडकडला. मावशी आवडलेल्या पानांचे कोपरे दुमडायची, तिच्याकडची हेयरची 'फ्रेडरिका' तर दुमडून दुमडून फुगलीय. यात एक कोपरा दुमडलेला नाही.

म्हणजे तिने हे पूर्ण वाचलंच नव्हतं! कंटाळून ठेवून दिलं होतं. आणि इतकी वर्षं मला "शेवटी वाच" म्हणत राहिली. लबाड. सरळ सांगायचं ना, की बाई गं, यात राम नाही. पण मग माझ्याकडे राखून ठेवायला काय राहिलं असतं? तिच्या डोक्यात एवढं असेल का? नसेल. तिला फक्त तिच्या हेयरबाईंबद्दल वाईट बोलायचं नसेल. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हे एक वाईट आहे.

रात्री जेवणं झाल्यावर पुस्तक परत कपाटात ठेवायला घेतलं आणि उभ्याउभ्याच आठवलं की ते लिहिलं कशासाठी होतं. हेयरचा धाकटा भाऊ बोरिस. त्याला रक्त न गोठण्याचा आजार होता. तो दुखण्यातून उठत होता, त्याचं मन रमावं म्हणून तिने ही गोष्ट रचली. वडिलांच्या कानावर पडली, आवडली, त्यांनी छापायला द्यायला लावली. नाहीतर ती घरातच राहिली असती.

आजाऱ्याला सांगितलेली गोष्ट. आजाऱ्याला भुवई उंचावलेली नको असते. मला हे माहीत असायला हवं होतं. शेवटच्या दोन महिन्यांत मावशीला दिसत नव्हतं तेव्हा मी रोज तिला 'फ्रेडरिका' वाचून दाखवायचे. ग्रीन पार्कात तो कुत्रा गाईंच्या मागे लागतो आणि सगळे मिळून त्याला दुर्मिळ बलुचिस्तानी जातीचा म्हणून खपवतात, तो भाग तिसऱ्यांदा वाचला तरी ती हसायची, आणि हसल्यावर खोकायची, आणि मग नर्स माझ्याकडे बघायची. कधी कधी मला झोप यायची, मी अर्धा परिच्छेद गाळायचे. तिला चालायचं. आवाज थांबला की मात्र लगेच विचारायची, "मग?"

ते राहू दे.

तर मी स्वयंपाकघरात उभी राहून पहिलं पान मोठ्याने वाचलं. काळ्या-चंदेरी पोशाखातला ड्यूक, बोटांत हिरे, टेबलाशी बसून पत्र लिहितोय. मनात वाचताना जे भरजरी आणि भडक वाटलं होतं ते तोंडाने म्हटल्यावर चक्क चाललं. वाक्य लांब आहे, पण श्वास घ्यायच्या जागा बरोबर आहेत. उसासा हा लिहायचा नाहीच मुळी, टाकायचा असतो. मी एक टाकून पाहिला. ड्यूकसाठी आवाज खाली नेला. दुसरं पान वाचलं, तिसरं. डायना अर्थात डायनाच राहणार, तिला कुठलाही आवाज वाचवू शकत नाही, आणि हे पुस्तक काही मी आवडत्यांत धरणार नाहीये. पण ऐकायला बरं आहे. अंथरुणात पडलेल्या पोराने ऐकलं असेल.

चौथ्या पानावर थांबले, कारण ओट्यावर दूध तसंच होतं. तापवायला ठेवलं. तिकीट परत ९६व्या पानात घातलं, तिची जागा ती.

बाहेरून हा ओरडला, "झोपलीस का गं?"

"नाही, दूध तापवतेय."

"मग तो पत्र कुणाला लिहीत होता?"