कार्ड असताना बायकोची वेगळी पॉलिसी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एकदोघांनी नाही, वीसेक जणांनी तरी विचारलं असेल. कॅन्टीनच्या रांगेत, पॉलिक्लिनिकच्या बाकावर, चिखलीच्या चढावर सकाळी फिरताना. "चीफ, ईसीएचएसचं कार्ड आहे ना? मग वहिनींच्या नावाने वेगळा आरोग्यविमा कशाला भरता?" ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांची सरकारी आरोग्य योजना, आणि पॉलिक्लिनिक म्हणजे तिचा दवाखाना. मागच्या महिन्यात तर एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "नेव्हीवर विश्वास राहिला नाही काय?" ते लागलं. सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सात नौदलाच्या हंसा तळावर, गोव्यात दाभोळीला. तिथून निवृत्त झालो आणि दोन किलोमीटरवर घर घेतलं, ते नौदलाचं जीवंती हॉस्पिटल जवळ असावं म्हणूनच. विश्वास नसलेला माणूस असं करत नाही.

कार्डाबद्दल मी वाईट बोलणार नाही. 1 एप्रिल 2003 ला ही योजना आली, तेव्हा आम्ही नोकरीत होतो आणि आमच्या मेसमध्ये तिच्यावर किती चर्चा झाली ते मला आठवतं. एकदाच पैसे भरायचे, मग जन्मभर हप्ता नाही. वयाची अट नाही, आधीच्या आजारासाठी थांबायचं नाही, रकमेला मर्यादा नाही. बाजारातली कुठलीही पॉलिसी साठीच्या माणसाला असं काही देत नाही. 2018 मध्ये मला स्टेंट बसला तेव्हा पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलसाठीची चिठ्ठी, घेऊन गेलो, चौथ्या दिवशी घरी आलो, खिशातून गेले ते फक्त रिक्षाचे पैसे. म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरायचो की फौजेतल्या माणसाने विमा काढणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. आज तुम्ही मला जे ऐकवता, ते तेव्हा मीच इतरांना ऐकवत होतो.

घरातही तेच. 2017 मध्ये बायको म्हणाली होती, "माका माझ्या नावाची पॉलिसी होयी." ती तेव्हा घरी ब्लाउज शिवायची. त्या पैशांतून अकरा हजार बाजूला काढून तिने पाकिटात ठेवले होते. बँकेतल्या एका मुलीकडून माहितीपत्रकही आणलं होतं. मी ते वाचलंसुद्धा नाही. "तुका कार्ड आसा मा?" एवढं बोललो आणि विषय संपवला. ती म्हणाली, कार्डावर मी डिपेंडंट आहे. मी हसलो. ते अकरा हजार पुढे इन्व्हर्टरला गेले. ती काही बोलली नाही.

तिचं म्हणणं साधं होतं, पण मला ते कळायला दोन वर्षं लागली. मी वास्को सोडून फारसा जात नाही. ती मात्र महिन्यातले दहाबारा दिवस कुडाळजवळ आईकडे असते. म्हातारी एकटी आहे, घर सोडत नाही. म्हणजे कार्ड जिथे सगळ्यात चांगलं चालतं तिथे मी असतो, आणि ती अर्धा वेळ तिथे नसते.

2019 ची चतुर्थी 2 सप्टेंबरला होती. आम्ही दोघंही कुडाळला होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती चालू असताना ती आत जाऊन आडवी झाली. सकाळपासून पोटात दुखत होतं, पण घरात माणसं, नैवेद्य, कोणाला सांगणार? रात्री ताप भरला. पहाटे तिला कुडाळातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. त्यात मधुमेह, साखर साडेतीनशेच्या वर.

डॉक्टर म्हणाले, लगेच उघडावं लागेल. मी म्हणालो, जीवंतीला नेतो. त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल? मी मनात रस्ता मोजायला लागलो. पत्रादेवी, म्हापसा, पणजी, बांबोळी, मग कुठ्ठाळीचा जुना झुआरी पूल. नवा पूल तेव्हा झालेला नव्हता आणि चतुर्थीच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तीन तास, कदाचित जास्त. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात थांबलो तरी दोन. मी मोजत होतो आणि डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही वाटेत काय कराल?"

तेवढा वेळ मी का घालवला? हा प्रश्न मला तुमच्यापैकी कोणी विचारलेला नाही, तो मीच विचारतो. पाच मिनिटं असतील, दहा असतील. मी तेव्हा तिच्या पोटाचा विचार करत नव्हतो. हे हॉस्पिटल पॅनेलवर, म्हणजे योजनेच्या मान्य यादीत, नाही, इथे कार्ड चालणार नाही, याचा करत होतो.

नर्सने तिच्या हातातल्या पाटल्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. काउंटरवर पन्नास हजार भरायला सांगितले. एटीएममधून पंचवीस निघाले. सुट्टीचा दिवस, भाऊ मुंबईला. सकाळी दहा वाजता सोनाराने दुकान उघडलं आणि मी त्या पाटल्या गहाण ठेवल्या. ती आत टेबलावर होती. तिच्या आईने तिला लग्नात दिलेल्या पाटल्या होत्या, आणि आई बाहेर बाकावर बसली होती. तिला मी सांगितलं, औषधं आणायला जातो.

नऊ दिवस काढले, त्यातले तीन आयसीयूत. बिल 2,34,000. घरी निघताना तिने हात पुढे केला, पाटल्यांसाठी. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"वर मी अजून काही उत्तर शोधू शकलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, तातडीच्या वेळी पॅनेलबाहेर उपचार घेतले तरी पैसे परत मिळतात. मिळतात. पण 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. मी पाचव्या दिवशी कळवलं. नियम मला माहीत होता, दुसऱ्यांना मीच सांगायचो. तीन रात्री आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाला तो आठवला नाही. मग उशिराचं कारण लिहून द्या, डॉक्टरांचं तातडीचं प्रमाणपत्र आणा. माझे कागद दोनदा अपुरे निघाले. शिवाय परतफेड सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने होते, हॉस्पिटलने लावलेल्या दराने नाही. वर्ष उलटून गेल्यावर 97 हजार आले. चूक माझी होती, योजनेची नव्हती. पण चूक मी केली आणि हात तिचे रिकामे झाले.

पॉलिसी 2020 च्या मार्चमध्ये घेतली. घ्यायचीच होती तर दोघांची एकत्र फ्लोटर का नाही, हाही प्रश्न येतो. फ्लोटरचा हप्ता मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, वर स्टेंट. माझ्यामुळे तिचा हप्ता वाढला असता, आणि एकाच्या आजारात दोघांची रक्कम संपली असती. माझी सोय कार्डावर आहे. मुलाची नोकरी लागल्यावर त्याचं नाव कार्डावरून गेलं, त्याचं तो बघतो. तेव्हा तिची एकटीची, पाच लाखांची. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली बघून घेतली, कारण मर्यादेबाहेरची खोली मिळाली तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांच्या फीसकट बिलाचे बरेच भाग त्याच प्रमाणात कापतात. आणि कंपनीच्या यादीत कुडाळ-सावंतवाडीकडचं हॉस्पिटल आहे का, ते आधी पाहिलं.

फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "साखर लिहू नका, हप्ता वाढतो, कधीकधी नाकारतातही." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते पटत होतं. तिने पेन घेतलं आणि सगळं लिहिलं. मधुमेह, गोळ्यांची नावं, ऑपरेशन. त्या कंपनीने खरोखरच नाकारलं. दुसरीने जास्तीचा हप्ता लावून घेतलं, मधुमेहाशी संबंधित आजारांना चार वर्षं थांबायच्या अटीवर. आता विमा नियामकाने ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. मार्च 2025 मध्ये तिची पाच वर्षं झाली. तिने काही लपवलेलंच नव्हतं, त्यामुळे तिला त्याचं फार वाटलं नाही. मला वाटलं.

तुमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. 2021 च्या अखेरीस त्याच ऑपरेशनच्या टाक्यांवर तिला हर्निया झाला. पॉलिसीत हर्नियाला दोन वर्षांची प्रतीक्षा. चार महिने कमी पडत होते. आम्ही पॉलिक्लिनिकला गेलो, रेफरल घेतलं, मडगावला ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही. म्हणजे विमा घेतल्यापासून तिच्या अंगावर आलेलं एकमेव संकट कार्डानेच निभावलं. सहा वर्षांत त्या पॉलिसीने आम्हाला काही दिलेलं नाही. हप्ता 17 हजारांवरून 29 हजारांवर गेला. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा. हिशेब मांडला तर तुम्ही जिंकता, मला माहीत आहे.

तरी तुम्ही "वहिनींना तुम्ही वेगळी पॉलिसी काढून दिलीत" म्हणता तेव्हा मला सांगावंसं वाटतं की मी काढून दिलेली नाही. अर्जावर सही तिची आहे, हप्ता तिच्या खात्यातून जातो. पाटल्या मी पुढच्या दिवाळीत सोडवून आणल्या. त्या तिने आईकडे ठेवल्या आहेत, घालत नाही. पर्समध्ये दोन्ही कार्डं असतात, एक माझ्यामुळे मिळालेलं आणि एक तिचं. पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. पाकीट आत्तापासून कपाटात आहे. मी त्यात डोकावत नाही.