जुन्या लेथचे पार्ट कसे मिळवले : माझा अनुभव

"जुना लेथ घेतोय, पार्ट मिळतील ना?" असं मला हल्ली बरेच जण विचारतात. (लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत, कापून आकार देणारं यंत्र.) मिळतात. फक्त ‘अमुक कंपनीच्या लेथचा पार्ट द्या’ म्हणत हिंडलात तर हात हलवत परत याल. माप, पिच (दोन आट्यांमधलं अंतर), गिअरचे दाते आणि नंबर लिहून नेलेत, तर पुष्कळशा गोष्टी तयार मिळतात. ज्या मिळत नाहीत त्यातल्या बऱ्याच त्याच लेथवर करता येतात.

माझ्या लेथवर नावाची पाटीच नव्हती. कास्टिंगवर (ओतीव भागांवर) उठावदार आकडे होते, पण ते पॅटर्नचे, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नंबर. त्यावरून पार्ट मागितला तर कुणालाच बोध होत नाही. ठोकलेला सिरीयल नंबर बेडच्या (लेथच्या लांब पायाच्या) टेलस्टॉककडच्या, म्हणजे कामाच्या तुकड्याला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाकडच्या, टोकाला, रंगाच्या थराखाली निघाला. त्याचाही फार उपयोग झाला नाही. खरी ओळख पटली ती लीड स्क्रूवर (आटे कापताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावल्यावर: इंचाला 8 आटे. म्हणजे मशीन इंची पद्धतीचं. आटे आणि गिअर इंची मापात शोधायचे हे एवढ्यावरून ठरलं.

बेअरिंगचं काम सगळ्यात सोपं. रॉकेलने धुतलं की कडेवरचा नंबर दिसतो आणि नंबर असला की मशीनचं नाव कुणी विचारत नाही. मधल्या शाफ्टवर 6204 होतं. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे 20 मिमी बोअर (आतलं भोक). हेडस्टॉकमधून (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, फिरवणाऱ्या पेटीतून) येणारी घरघर त्याचीच होती. स्पिंडलची (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याची) टेपर रोलर बेअरिंग चांगली निघाली, म्हणून त्यांना फक्त नवं तेल दिलं आणि नट थोडा आवळून खेळ काढला. तुमची गेली असतील तर नंबरापुढची अक्षरंही उतरवून घ्या. पी5 वगैरे लिहिलेलं असेल तर ते जास्त अचूक बेअरिंग असतं. साधं घातलं तरी बसेल, पण जॉबच्या फिनिशमध्ये फरक पडेल.

बेल्टची गोष्ट वेगळी. ए सेक्शनचा व्ही बेल्ट कुठेही मिळतो, पण तो अखंड असल्याने हेडस्टॉकमध्ये घालायला स्पिंडल बाहेर काढावा लागतो. चांगल्या बसलेल्या स्पिंडलला मी बेल्टपायी हात लावत नाही. कड्या जोडून हव्या त्या लांबीचा करता येणारा लिंक बेल्ट घेतला आणि जागेवरच जोडला.

खरा वेळ गेला चेंज गिअरमध्ये (कापायच्या आट्यांची पिच बदलायला अदलाबदल करतात ते गिअर). 40 दात्यांच्या गिअरचे दोन दाते तुटलेले होते. विकणाऱ्याने "मॉड्यूल सव्वा, चालून जाईल" म्हणून एक दाखवला. (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं मेट्रिक माप.) शेजारी ठेवले तर दोन्ही जुळे भाऊ वाटावेत. पण इथे डोळ्यावर नाही, व्हर्निअरवर विश्वास ठेवायचा. दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि त्या आकड्याने बाहेरचा व्यास भागायचा, की मॉड्यूल मिळतं. माझ्या जुन्या गिअरचा व्यास 53.3 मिमी. 42 ने भागला तर 1.27. हे मॉड्यूल 1.25 नव्हे, इंची पद्धतीतलं 20 डीपी (एक इंच व्यासामागे 20 दाते). सव्वा मॉड्यूलचा 40 दात्यांचा गिअर 52.5 मिमीचा असतो. फरक जेमतेम 0.8 मिमी, पण तो जोडीला लावला तर आवाज करतो आणि बाकीचे गिअरही खातो. शिवाय प्रेशर अँगल, म्हणजे दात्याच्या बाजूचा कल, बघावा लागतो. जुन्या इंची लेथवर बहुधा साडेचौदा अंशांचा असतो, नवे गिअर 20 अंशांचे येतात आणि त्यांचे दाते बुडाशी जाड दिसतात.

शेवटी योग्य गिअर मिळाला, पण बोअर लहान आणि कीवे (गिअर दांड्यावर घसरू नये म्हणून बोअरमधली खाच) नाही. बोअर लेथवरच वाढवला. कीवेसाठी स्पिंडल लॉक केला, बोरिंग बारमध्ये टूल आडवं धरलं आणि सॅडलचं (टूल बेडवरून सरकवणाऱ्या भागाचं) चाक हाताने पुढे-मागे फिरवत दर फेरीला केसाएवढी छिलण काढली. हात भरून येतात, पण खाच सरळ येते.

सगळ्यात जास्त डोकं चाललं ते क्रॉस स्लाईडच्या (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) स्क्रूवर. हँडल पाव फेरा नुसतं फिरायचं. बरेच जण फक्त नट बदलतात. स्क्रू मधोमध झिजतो, कारण काम तिथेच होतं, टोकांना तो नवाच असतो. नवा नट मधल्या भागाला घट्ट केला तर टोकाला अडकतो, टोकाला मोकळा ठेवला तर मध्ये खेळ राहतो. म्हणून दोन्ही एकदम बदलायचं ठरवलं.

पिच काढायला स्क्रू बाहेर काढावाही लागला नाही. डायलवर 100 खुणा आणि एका खुणेला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पूर्ण फेऱ्याला दशांश इंच, म्हणजे इंचाला 10 आटे. न झिजलेल्या टोकाला व्यास अर्धा इंच आला. आटे अ‍ॅक्मे (सपाट माथ्याचे, तिरप्या बाजूंचे) आणि डावे (उलट्या दिशेचे). हँडल उजवीकडे फिरवल्यावर टूल आत जावं म्हणून इथे डावेच लागतात. अर्धा इंच 10 हे अ‍ॅक्मेमधलं ठरलेलंच माप आहे, त्यामुळे डाव्या आट्यांचा रॉड आणि गनमेटलचा (एक प्रकारच्या ब्राँझचा) नट दोन्ही तयार मिळाले. अडचण पुढच्या भागाची होती. जुन्या स्क्रूच्या दांड्यावर ऑटो फीडचा (टूल आपोआप सरकवणारा) छोटा गिअर कोरलेला होता, तो कुठून आणणार?

मग दांडा जुनाच ठेवला. इथे कामाचा क्रम महत्त्वाचा. जुना स्क्रू जागेवर असतानाच नव्या रॉडचं टोक 8 मिमीला टर्न करून घेतलं. खेळ असला तरी टूल कायम एकाच बाजूने आत नेलं तर माप बिघडत नाही. त्यानंतर स्क्रू काढला, आट्यांचा भाग कापला, दांडा चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) धरून तोंड फाईलने सरळ केलं आणि टेलस्टॉकमधून ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर. या कामाला क्रॉस स्लाईड लागतच नाही! रॉड त्या भोकात लॉकिंग लिक्विड लावून बसवला, वर 3 मिमीची आडवी पिन ठोकली. नटचा जुना ब्लॉकही असाच ड्रिल आणि रीमरने मोठा करून त्यात नवा नट दाबला. आता रिकामा फेर दोन-तीन खुणांचा आहे. त्याहून कमी करण्याच्या नादाला मी लागलो नाही.

मोडीत काढलेल्या लेथचे पार्टही विकायला असतात. हँडल, डायल, कव्हर, टूलपोस्ट खुशाल घ्या. टेलस्टॉक मात्र जपून. त्याच मॉडेलचा असला तरी तो त्याच्या बेडवर घासून बसवलेला असतो, तुमच्याकडे त्याचा सेंटर स्पिंडलच्या मध्याच्या वर-खाली येणारच. खाली असेल तर बेस आणि बॉडीच्या मध्ये शिम (पातळ पत्रा) घालता येते. वर असेल तर बेस मशीन करावा लागतो.

राहता राहिला इंची लेथवर मेट्रिक (मिमीचे) आटे कापायला लागणारा 127 दात्यांचा गिअर. 20 डीपीमध्ये त्याचा व्यास 164 मिमी होतो, माझ्या कव्हरखाली तो मावत नाही. म्हणून 100 आणि 127 च्या जोडीऐवजी 63 आणि 80 लावतो. चूक मीटरला 0.125 मिमी पडते. माझे आटे बोटभर लांबीचे, त्यात ती कुठे दिसत नाही.