तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र शिकताना शब्द कशाला?

गेली 26 वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवतो आहे. पालकसभा संपल्यावर कोणी ना कोणी थांबते आणि विचारते, ‘सर, पोरीला चित्र काढायला आवडते, तर तिला काढू द्या की. छाया, पडछाया, पोत, तोल असले शब्द कशाला शिकवता? ते पाठ करून चित्र थोडेच येणार आहे?’ प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो आणि त्यातला शेवटचा भाग अगदी बरोबर आहे. शब्द पाठ करून कोणालाही चित्र आलेले नाही. तरीही मी वर्गात शब्द देतो, आणि ते का देतो हे दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगणे मला कधी जमलेले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी मी वर्गात स्थिरचित्राची मांडणी केली होती. निळे सुती कापड, त्यावर पितळेचा तांब्या आणि शेजारी दोन वांगी. डाव्या बाजूच्या खिडकीतून उजेड येत होता. आठवीतल्या एका मुलीने तांब्याचा आकार उत्तम बसवला होता, कड कुठेही वाकडी नव्हती, तरी ती कागदाकडे बघत हिरमुसून बसली होती. ‘सर, माझा तांब्या कापडावर टेकत नाही, तरंगतो आहे,’ असे ती म्हणाली. तिला दोष दिसला होता, पण तो कशामुळे आला हे सापडत नव्हते. मी तिला विचारले, ‘सावली कुठे आहे ते दाखव.’ तिने आधी तांब्याच्या उजव्या कुशीवर बोट ठेवले, मग कापडावर पसरलेल्या काळोखीवर. दोन्हींना ती सावलीच म्हणत होती, आणि म्हणूनच तिने दोन्ही एकाच राखाडी रंगाने, एकसारख्या कडेने रंगवल्या होत्या.

तेव्हा मी तिला दोन शब्द दिले. वस्तूच्या ज्या भागावर उजेड पोहोचत नाही, तिथे असते ती छाया. आणि वस्तू उजेड अडवते म्हणून शेजारच्या पृष्ठभागावर पडते ती पडछाया. छाया ही तांब्याची, म्हणून तिचा रंग पितळेचाच, फक्त गडद. आणि तांब्या गोल असल्यामुळे उजेडाकडून छायेकडे जाताना कुठेही रेघ दिसत नाही, एक छटा दुसरीत विरघळत जाते. पडछाया मात्र कापडाची असते. तिच्यात निळाच रंग खोल होतो. बुडाशी ती सर्वांत गडद आणि रेखीव असते आणि दूर जाईल तशी फिकट होत तिची कड मऊ पडते. वस्तू खाली टेकलेली वाटते ती बुडाजवळच्या त्या बारीक, गडद पट्टीमुळे. एवढे सांगून मी पुढच्या बाकाकडे गेलो. ती बराच वेळ ब्रश न उचलता नुसती बघत राहिली आणि मग तिने मला परत बोलावले. ‘सर, तांब्याच्या छायेत अगदी कडेला थोडा उजेड आहे, आणि तो निळा आहे.’ कापडावर आदळून परत तांब्यावर चढणारा तो परावर्तित प्रकाश होता. तो मी तिला सांगितलेला नव्हता, तो तिने स्वतः शोधला. मी फक्त त्याला नाव दिले. ‘सावली’ या एका शब्दावर ती थांबली असती, तर तो निळा उजेड तिला दिसला असता असे मला वाटत नाही.

उन्हातून चालून आलेल्या माणसाला ‘सावली’ हा एक शब्द पुरतो. झाडाखाली बसायला जागा मिळाली की त्याचे काम झाले. चित्र काढणाऱ्याला मात्र त्याच गोष्टीचे दोन भाग वेगळे करावे लागतात, आणि वेगळे नाव मिळाले की डोळा ते वेगळे पाहू लागतो. माझे सगळे म्हणणे एवढ्यावर उभे आहे.

आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ ‘छटा’ या शब्दाने केला आहे, हे मी शिक्षक म्हणून कबूल केले पाहिजे. तांबड्याहून केशरी वेगळा, हे सांगायलाही आपण छटा म्हणतो. फिकट निळा आणि गडद निळा यांतला भेद सांगायलाही छटाच. आणि झगझगीत हिरवा व मळकट हिरवा यांच्यासाठीही तोच शब्द. या तीन गोष्टी निराळ्या आहेत. पहिला प्रश्न रंग कोणता हा, दुसरा तो किती उजळ किंवा किती गडद हा, आणि तिसरा तो किती तीव्र किंवा किती मंद हा. मी वर्गात हे तीन प्रश्न असेच साध्या मराठीत विचारतो. दुसरा प्रश्न मुलांना सर्वांत जड जातो, कारण रंगाचे नाव कळले की आपण त्याच्या गडदपणाकडे बघणेच सोडतो. पिकलेला टोमॅटो आणि त्याचा हिरवा देठ एकमेकांहून कितीतरी वेगळे दिसतात, पण डोळे किलकिले करून पाहिले किंवा मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढला, तर पुष्कळदा दोघांची काळोखी जवळपास सारखीच निघते. हे एकदा स्वतः करून पाहिलेले मूल पुढे आपणहून डोळे बारीक करून मांडणीकडे बघू लागते, आणि तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

रंगांच्या नावांत मात्र मराठी घरे मुळीच गरीब नाहीत. अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, शेवाळी, विटकरी, गुलबक्षी, अंजिरी, बदामी, मोतिया: साडीच्या दुकानात आपल्या आया आणि आज्या हे शब्द किती नेमकेपणाने वापरतात ते ऐकावे. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घातला की धूपछाव लुगडे तयार होते, आणि घडी हलवली की त्याचा रंग बदलतो. दोन रंग पॅलेटवर न कालवता शेजारी शेजारी ठेवले तरी डोळा ते एकत्र करतो, हे तत्त्व आमच्या मुलांच्या घरच्या कपाटात घडी घालून ठेवलेले आहे. चित्रकलेच्या तासाला हीच मुले ‘पिंक’ आणि ‘ब्लू’ यांपुढे जात नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

साहित्याबद्दल बोलायचे, तर शब्द कधी कधी फसवतो हेही सांगायला हवे. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. ग्राफाइट आणि चिकणमाती असते. हे मिश्रण भाजून पेन्सिल करण्याची रीत फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी 1795 साली काढली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि रेघ फिकट, ग्राफाइट जास्त तर पेन्सिल मऊ आणि रेघ काळी. एच, एचबी, 2बी, 6बी ही अक्षरे तेवढेच सांगतात: एच म्हणजे कठीण, बी म्हणजे काळी. हे कळले की मूल छायेसाठी एचबी दाबून दाबून कागद चिरत नाही, सरळ 4बी उचलते.

रंगांचेही तसेच आहे. दुकानात पेट्यांची रांग बघून पालक गोंधळतात, पण आत गोष्टी मुळात दोनच असतात: रंग देणारी पूड, म्हणजे रंगद्रव्य, आणि ती पूड कागदाला किंवा कापडाला धरून ठेवणारा पदार्थ. तोच गेरू बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात कालवला की जलरंग होतो, जवसाच्या तेलात घोटला की तैलरंग. धरणारा पदार्थ बदलला की माध्यम बदलते, आणि माध्यम बदलले की हाताने काम करण्याची रीतही बदलते.

ही रीत न कळल्याने माझे स्वतःचे एक चित्र वाया गेले. इंटरमिजिएट या एलिमेंटरीच्या पुढच्या परीक्षेत स्मरणचित्राला मी नदीचा घाट काढला. पाण्यावरची चमक राहून गेली होती, म्हणून मी ट्यूबमधला पांढरा घेतला, तो जलरंगात कालवला आणि पाण्यावर, आकाशावर, पायऱ्यांवर फिरवला. सगळे चित्र चुनकट झाले, जणू कोणी घाटावर ताक ओतले आहे. पुढे माझ्या शिक्षकांनी मला एक वाक्य सांगितले: ‘जलरंगात कागद हाच तुझा पांढरा.’ तेव्हा पारदर्शक आणि अपारदर्शक या दोन शब्दांचा अर्थ मला हाताने कळला. पारदर्शक रंगाच्या पातळ थरातून उजेड आत जातो, पांढऱ्या कागदावर आदळतो आणि रंगातून परत बाहेर येतो. म्हणून तो रंग आतून उजळलेला वाटतो. पांढरा घातला की ती वाट बंद होते आणि उजेड वरच्या वरच परततो. पोस्टर कलर अपारदर्शकच असतो, त्यात पांढरा घालूनच उजळवायचे असते, आणि गडदावर फिका देता येतो. जलरंगात उजळवायचे ते पाण्याने, आणि उजेडाची जागा पहिला हात देण्याआधीच ठरवून राखून ठेवायची.

ज्यांना हे अवघड वाटते त्यांना मी सावळाराम हळदणकरांचे चित्र दाखवतो. 1882 साली सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराने 1945-46 च्या सुमारास दिवा घेतलेल्या स्त्रीचे ते चित्र काढले, ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. पुष्कळांना ते राजा रविवर्मांचे वाटते, पण रविवर्मा 1906 सालीच गेले. आणि ते जलरंगात आहे. हे सांगितले की ज्या मुलांनी स्वतः जलरंग हाताळला आहे ती एकदम गप्प होतात. ज्यांनी हाताळलेला नाही, त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. ‘जलरंग’ हा शब्द अनुभवाने भरलेला असला की चित्र बघण्यात केवढा फरक पडतो, तो असा.

कागदाबद्दल थोडक्यात सांगतो: रंगांवरचे पैसे वाचवा आणि कागदावर घाला. पातळ कागद पाण्याने फुगतो, त्याला लाटा येतात आणि मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. जलरंगासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा, कागद मिळाला तर उत्तम, आणि तो महाग वाटला तर एका कागदाचे चार तुकडे करून लहान चित्रे काढावीत.

आता संकल्पचित्राकडे, म्हणजे आकार आणि रंग यांच्या सजावटीच्या मांडणीकडे येतो. तोल, लय, प्रमाण, सुसंवाद, विरोध ही तत्त्वे पुस्तकात एका ओळीत छापलेली असतात आणि मुले ती एका दमात म्हणून दाखवतात. याच प्रकाराला पालक ‘पाठ करून घेणे’ म्हणतात, आणि त्यांच्या या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. तोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे काढणे, एवढाच अर्थ मुलांपर्यंत पोहोचतो. ठिपक्यांच्या रांगोळीत तो असतोही. मधली रेघ धरून इकडे जे, तेच तिकडे. पण तराजूत एका पारड्यात लहानसे लोखंडी माप आणि दुसऱ्यात भाजीचा ढीग असतो, तरी काटा मध्ये उभा राहतो. चित्रातही मोठा, मंद रंगाचा भाग एका बाजूला आणि छोटा, तीव्र रंगाचा ठिपका दुसऱ्या बाजूला असा तोल साधता येतो. मी राखाडी कागदाचा मोठा तुकडा आणि टिकलीएवढा लाल कागद मुलांच्या हातात देतो आणि ते चिकटवण्याआधी सरकवत राहायला सांगतो. एका विशिष्ट जागी लाल तुकडा आला की वर्गातली पाचसहा मुले एकदम ‘हां, इथे!’ म्हणतात. त्यानंतर मी फळ्यावर ‘तोल’ लिहितो.

लय शिकवायला वारली चित्रातल्या तारपा नाचाइतके चांगले दुसरे काही मला ठाऊक नाही. टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचे एक माणूस, तसेच त्याच्या शेजारी दुसरे, हातात हात, आणि मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवती वळत जाणारी ती रांग. आकार तोच तोच, पण प्रत्येकाचा कल जरासा बदलत जातो, आणि त्या बदलण्यामुळेच रांग फिरते आहे असे वाटते. कल न बदलता तोच आकार पुन्हा पुन्हा रेखाटून बघा, रांग तिथल्या तिथे थांबते. साहित्य म्हणाल तर गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. ज्या स्त्रियांनी लग्नात पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाची चौकोनी चित्रे, लिहिली, त्यांच्या हातात लय आमच्या पुस्तकातल्या व्याख्येच्या फार आधीपासून होती. मग शब्द कशाला, असे तुम्ही पुन्हा विचाराल. त्यांना लहानपणापासून ते हात बघायला मिळाले. माझ्या वर्गातल्या मुलांना ते मिळालेले नाहीत. आठवड्यातल्या दोन तासांत मी त्यांना देऊ शकतो ते थोडे साहित्य, थोडा वेळ आणि कुठे बघायचे ते दाखवणारा एखादा शब्द.

तो शब्द मराठीच असावा असा माझा हट्ट नाही. कला महाविद्यालयात गेल्यावर मुले टोन, टेक्स्चर, वॉश असेच म्हणणार आहेत आणि त्यात काही बिघडत नाही. पण पाचवीतल्या मुलाला ‘टेक्स्चर’ म्हटले की ते माझ्या तोंडाकडे बघते, आणि ‘पोत’ म्हटले की बोटांनी विचार करायला लागते. सुपाची वीण, भाकरीचा पापुद्रा, सारवलेली जमीन, जात्याचा टाकी लावलेला दगड. कागद त्यांच्यावर ठेवून पेन्सिल आडवी घासून आणायला सांगितले की दुसऱ्या दिवशी वर्गात 40 पोत गोळा होतात.

यंदा सहावीला मी अबोली रंग तयार करायला सांगितला आहे. अर्ध्या वर्गाने तो जलरंगात केशरी आणि थोडा गुलाबी घेऊन, पाणी वाढवत करायचा. उरलेल्यांनी पोस्टर कलरमध्ये पांढरा घालून. बुधवारी कोणीतरी घरून अबोलीचा गजरा आणणार आहे आणि दोन्ही कागद त्याच्या शेजारी ठेवून कोणता जवळ जातो ते आम्ही बघणार आहोत.