तुमचा वेताळ एवढा काळा का?

माझ्या चित्रकथेच्या स्टॉलवर कोणी थांबलं की पहिलं पान उलटून हाच प्रश्न. पणजीत तोच, म्हापशात तोच. परवा घरी जेवायला आलेल्या आतेभावानंही सोलकढी पिता पिता विचारलं, "थोडा निळा तरी करायचा रे, कृष्णासारखा." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

सोपं उत्तर असं, की वेताळ हा आमच्या गावचा राखणदार देव, आणि त्याची मूर्ती काळ्या दगडाची आहे. पोटावर विंचू. रात्रभर गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवसाच्या चामड्याच्या चपला वाहतात. मी त्या तशाच काढल्यात, जाड तळव्याच्या.

पण वेताळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दुसराच उभा राहतो. अमेरिकन लेखक ली फॉकचा १९३६ चा फँटम, जंगलात राहणारा मुखवटेवाला कॉमिक्स-नायक. इंद्रजाल कॉमिक्सनं तो मराठीत आणला आणि त्याला नाव दिलं वेताळ. नाव आमच्या राखणदाराचं, माणूस गोरा. जंगल काळ्यांचं, आणि त्यांचा रक्षणकर्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या एकाच घराण्यातला. मी ते अंक अधाशासारखे वाचले. दोन पेट्या अजून माळ्यावर आहेत, कोणी मागितल्या तरी देणार नाही.

१९८४ साली चौथीत होतो. गॅदरिंगला वेताळ बसवायचं ठरलं. सगळे अंक मला पाठ, म्हणून वेताळ मीच. आईनं जुन्या परकराचे जांभळे कपडे शिवले, चड्डीवर शाईनं पट्टे मारले. रंगीत तालमीला बाईंनी मला दिव्याखाली उभं केलं आणि तोंडाला पावडर लावली. घामानं ती ओघळली. मग दुसरा थर. हनुवटीपर्यंत पांढरा, खाली मी. मागे कोणीतरी खुसखुसलं. बाई दुष्ट नव्हत्या, दमल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, वेताळ गोरा असतो ना." कपडे एका गोऱ्या मुलाला चढवले. त्याला ते आखूड होत होते, तर बाईंनी तिथंच ब्लेडनं आईची शिवण उसवली. मला केलं गुरन, त्या जंगलातल्या काळ्या बांदार टोळीचा सरदार. "तोंड धुऊन ये, तुला काही लावायला नको."

इथं मी रडलो असं लिहिलं की गोष्ट छान जमते. मी रडलो नाही. मला भाला मिळाला होता, टाळ्याही जास्त मलाच पडल्या. आई मात्र पूर्ण वेळ त्या उसवलेल्या कडेकडे बघत होती. घरी येताना एवढंच म्हणाली, "आमचो वेताळ काळोच मरे."

तेव्हाच शहाणा झालो असतो तर काय हवं होतं! २००६ मध्ये मी कॉम्प्युटरवर चित्रं रंगवायची नोकरी करत होतो. लोककथांचं पुस्तक होतं, नायक धनगराचा पोर. उन्हातान्हात गुरं राखणारा. त्याला मी गव्हाळ केला आणि राक्षसाला काळा. मला कोणीही सांगितलं नव्हतं. बाईंना वीस वर्षं नावं ठेवली, आणि हातात रंग आल्यावर मीही पावडरच लावली.

अमेरिकेत तरी काय वेगळं? कॉमिक्समधल्या मँड्रेक जादूगाराचा काळा साथीदार लोथार मूळचा राजपुत्र, पण १९३४ मध्ये वाट्याला आलं ते बिबट्याचं कातडं आणि चाकरी. ब्लॅक पँथर हा काळा सुपरहिरो १९६६ मध्ये आला तो पूर्ण चेहरा झाकूनच. आणि २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय पोरगा स्पायडरमॅन झाला तेव्हा लोक चिडले. त्या पोशाखात नखसुद्धा दिसत नाही हो! तरी आत कोण आहे याची पंचाईत.

असं मी तावातावानं बोलत होतो, आणि समोर कॉलेजातली एक मुलगी शांतपणे माझंच पुस्तक चाळत होती. म्हणाली, "काका, सुळे, विंचू आणि काळा रंग. भीतीदायक म्हणजे काळा, हेच झालं ना?" मी म्हटलं, देवच तसा आहे. "बरं. मग बाकीचं गाव एवढं उजळ कसं?"

मी पानं पाहिली. गावकर, भाटकार, पोस्टमन, विहिरीवरच्या बायका. एकटा वेताळ सोडून सगळे गव्हाळ.

छपाईत उजळ आलंय, असं मी तिला सांगितलं. छपाईत काहीही बिघडलेलं नव्हतं.