'यात बघण्यासारखं काय आहे?'

त्या दिवशी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजायच्या आधीच भावाचा फोन आला. "पेपर बघितलास गो?" तिसऱ्या पानावर चार स्तंभांत बातमी होती आणि मथळ्यात, अवतरणचिन्हांत, माझं वाक्य: 'यात बघण्यासारखं काय आहे?'

वाक्य माझंच होतं. बातमीत खोटं काही नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

मी तेव्हा उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठ दिवाणी न्यायाधीश होते, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचं कामही माझ्याकडेच होतं. आता निवृत्त आहे, म्हणून हे लिहिते आहे. सेवेत असताना लिहिता आलं नसतं.

प्रकरण अपघाताचं होतं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका पर्यटकाने भाड्याच्या गाडीने एकोणीस वर्षांच्या मुलाला उडवलं. मुलगा जागीच गेला. गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि गुन्हा जामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर सुटका हा त्याचा हक्क असतो, न्यायाधीशाला नाही म्हणायची मुभाच नसते. एरवी असा माणूस पोलीस ठाण्यातूनच सुटतो. याला गोव्यात हमीदार मिळाला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे आणला.

बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, साठच्या वर प्रकरणं होती. सरकारी वकील उठून प्रसंग किती भीषण होता ते सांगू लागले. मी त्यांना कोकणीत म्हटलं, "हातूंत पळोवपासारकें कितें आसा?" मला म्हणायचं होतं की कायद्याने माझे हात बांधलेले आहेत, जामिनाच्या प्रश्नात तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. मग स्टेनोला दोन ओळी सांगितल्या: ऐकून घेतलं, वीस हजारांच्या जातमुचलक्यावर (स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडावं. पुढचं प्रकरण.

शेवटच्या बाकावर एक माणूस मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसला होता. तो त्या मुलाचा बाप आहे हे मला दुसऱ्या दिवशी बातमीतल्या फोटोवरून कळलं. पिशवीही फोटोत होती.

त्यानंतरचे काही महिने मी कुणाशी बोलू शकले नाही. चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली बसलेल्या एका नातेवाइकाने हसत विचारलं, "पर्यटकाने किती दिले?" मी उठून आत गेले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांचा ठराव स्वीकारला. न्यायाधीशाने माध्यमांना मुलाखती देऊ नयेत, त्याच्या निकालपत्रानेच बोलावं, असं त्यात आहे. तो वरच्या न्यायालयांसाठी होता, पण आम्ही खालचेही तोच मानतो, आणि मानायलाच हवा. फक्त माझं निकालपत्र दोन ओळींचं होतं. त्या दोन ओळी माझ्या वतीने काय बोलणार होत्या?

प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा कोरोनाची लाट ओसरून गेली होती. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या न्यायाधीशांची प्रशिक्षणं भाईंदरजवळ उत्तनला, महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतात. वेळापत्रकात 'न्यायालये, माध्यमे आणि जनतेची नजर' असा दीड दिवस होता. माझी त्या बातमीमुळेच निवड झाली, असं मनात येऊन वाईट वाटलं. तसं काही नव्हतं, माझ्या बॅचमधल्या सगळ्यांनाच बोलावलं होतं. थिवीहून कोकणकन्येत बसले, पहाटे ठाण्याला उतरून गाडीने उत्तनला गेले. कोळीवाड्यापाशी बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, खाऱ्या वाऱ्यात तो वास, आणि क्षणभर घरीच असल्यासारखं वाटलं.

पहिली सकाळ निकालांची होती. १९६६ चा मिरजकर खटला, खुल्या न्यायालयाचं, म्हणजे सुनावणी सगळ्यांसमोर होण्याचं तत्त्व, २०१८ चा सुनावणीच्या थेट प्रक्षेपणाचा निकाल, हे आम्हाला कमी-अधिक माहीत होतं. मी कान टवकारले ते ६ मे २०२१ च्या निकालावर. मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल सुनावणीत तोंडी कडक शेरा मारला होता. तो माध्यमांनी छापू नये, असं आयोगाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. खुल्या न्यायालयात जे बोललं जातं ते लोकांपर्यंत जाणार, वार्तांकन थांबवता येणार नाही. आणि त्याच निकालात न्यायाधीशांनाही सांगितलं की, सहज तोंडातून निघणाऱ्या शब्दांबाबत जपा. म्हणजे मी मनातल्या मनात त्या वार्ताहरावर जो राग धरून होते, त्याला कायद्यात जागाच नव्हती.

माझ्या शेजारच्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "सर, अशा बातमीवर आपण अवमानाची नोटीस का काढू नये?" वर्गातल्या अनेकांच्या मनातला तो प्रश्न होता. शिकवणारे निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. त्यांनी १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याची दोनच कलमं फळ्यावर लिहिली: चार आणि पाच. कामकाजाचं रास्त आणि अचूक वृत्त हा अवमान नाही. निकाल लागल्यावर त्यावर केलेली रास्त टीका हा अवमान नाही. शिवाय आपण खालच्या न्यायालयांनी फार तर उच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवायचा, म्हणजे प्रकरण कळवायचं, शिक्षा करायची नाही. मग ते म्हणाले, "तुम्हाला दुखलं म्हणून न्यायालयाचा अवमान होत नाही." बातमीत तथ्याची चूक असेल तर वार्ताहराला फोन करायचा नाही, प्रधान जिल्हा न्यायाधीशांमार्फत लेखी कळवायचं, एवढीच वाट त्यांनी दाखवली.

दुपारी तीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देणारे एक पत्रकार आले. मी त्यांच्याकडे आधी जरा तिरप्याच नजरेने बघत होते. त्यांनी त्यांचा दिवस सांगितला. दुपारपर्यंत तीन न्यायालयं फिरायची, संध्याकाळी बातमी द्यायची, आणि आदेशाची प्रत कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने संकेतस्थळावर येते. "मॅडम, तोवर माझ्या हातात काय असतं? तुम्ही जे बोललात ते. तुम्ही कारण लिहून त्याच दिवशी प्रत चढवा, मी मथळा कारणाचा देतो." मला त्यांच्याशी वाद घालायचा होता. मुद्दा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशीचा सराव मला जन्मभर पुरेल. प्रत्येकाने एक लुटुपुटीची जामीन सुनावणी चालवायची, तिचं ध्वनिमुद्रण करायचं, आणि मग आपलं बोलणं आपणच शब्दशः टंकून काढायचं. माझ्या दहा मिनिटांत मी वकिलांना उद्देशून अकरा वाक्यं बोलले होते. त्यांपैकी चार कामाची होती. उरलेल्या सातांत घाई होती, कंटाळा होता, एकात चक्क टोमणा होता. एकेक वाक्य कागदावर आलं तेव्हा शेजारी लिहायचं होतं: हे वाक्य शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाने ऐकलं तर त्याला काय वाटेल? मी पेन खाली ठेवलं. मला ती प्लास्टिकची पिशवी दिसत होती.

मग आपलाच एखादा जुना आदेश घेऊन त्याचा पहिला परिच्छेद नव्याने लिहायचा. अट अशी की कलमाचा आकडा आला तर त्याचा अर्थ त्याच वाक्यात यायला हवा, लॅटिन शब्द नको, आणि कायदा न शिकलेल्या माणसाला निर्णय आणि त्याचं कारण दोन्ही कळायला हवं. मी कुठला आदेश घेतला ते सांगायला नको. सहा वेळा लिहिला. आपण इंग्रजीत लिहितो, ऐकणारे कोकणी-मराठीत ऐकतात, वार्ताहर त्याचा पुन्हा मराठीत तर्जुमा करतो. मूळ वाक्य गुंतागुंतीचं असलं की या प्रवासात ते मोडतं. छोटं वाक्य टिकतं.

पीडितेची ओळख जपण्यावरही एक तास होता, आणि तिथे बोलायची वेळ गोव्याची होती. २०२१ साली म्हापशाच्या सत्र न्यायालयाच्या एका निकालपत्रातून पीडितेची ओळख कळेल असा मजकूर वगळण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. मी वर्गाला सांगितलं की मुंबईत नाव गाळलं की भागतं, आमच्याकडे भागत नाही. वाडा (म्हणजे गावातली वस्ती), वय आणि बापाचा धंदा लिहिला की अख्ख्या गावाला घर कळतं. म्हणून पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आम्ही वाड्याचं नाव आणि शाळाही गाळायला हवी. इतर जिल्ह्यांतले लोक वहीत लिहून घेत होते.

परत आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. बोर्ड सुरू करण्याआधी मी समोरच्या कागदावर एकच शब्द लिहून ठेवायचे: 'बाक'. आणि स्टेनोला सांगून ठेवलं की जामिनाचा आदेश त्याच दिवशी संकेतस्थळावर गेलाच पाहिजे, दिवे लावून बसावं लागलं तरी. तो बिचारा कित्येकदा शेवटची बस चुकवून थांबला, हे इथे लिहून ठेवायला हवं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी तसंच दुसरं प्रकरण आलं. दुचाकीवरची मुलगी, टेंपो, तेच कलम. यावेळी मी आधी विचारलं, मुलीकडचं कुणी आलं आहे का? आई आणि मामा उभे राहिले. मी त्यांना पुढे बसायला सांगितलं आणि कोकणीत समजावलं की आज आरोपी दोषी की निर्दोष हे ठरणार नाही, जामीन कायद्याने द्यावाच लागतो, खटला पुढे चालेल. आईने मान हलवली नाही, नुसती बघत राहिली. आदेशाचं पहिलं वाक्य होतं: 'या गुन्ह्यात जामीन मिळणं हा कायद्याने आरोपीचा हक्क आहे आणि तो नाकारण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही, मृत्यूला जबाबदार कोण, हे पुराव्यानंतरच ठरेल.'

दुसऱ्या दिवशी ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं मराठीत छापून आलं. लोक चिडलेले होतेच. वाचकांच्या पत्रांत एकाने विचारलं होतं की माणूस मेला तरी दोनच वर्षं, आणि तेही जामीनपात्र, हा कसला कायदा? पत्र मी दोनदा वाचलं. त्यात माझं नाव नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं. त्यात साध्या हयगयीने झालेल्या मृत्यूला शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. गुन्हा मात्र अजून जामीनपात्रच आहे, म्हणजे ते वाक्य कुठल्या ना कुठल्या तालुक्यात आजही कुणाला तरी लिहावं लागत असणार. त्या पहिल्या मुलाच्या वडिलांना मात्र ते कुणी लिहून दिलं नाही.