आमची वाटचाल: ज्वालामुखीतला लाल रंग कमी करताना

गोव्यात फोंड्याच्या एका गाळ्यातून आम्ही तिघेजण हायस्कुलांसाठी भूगोल-विज्ञानाचे दृक्‌श्राव्य संच बनवतो. विषय बरेच झाले, पण सगळ्यात जास्त वेळा मोडून पुन्हा बांधलेला संच ज्वालामुखीचा. आज शाळांत जातो तो चौथा. लांबीला तो पहिल्याच्या निम्माही नाही. काय काय काढून टाकले आणि का, हीच त्याची हकीकत.

पहिल्या संचात अकरा मिनिटांची एकच फिल्म होती. तिच्यात पृथ्वीचा उभा छेद, मधोमध लालभडक गोळा आणि तिथून थेट डोंगराच्या तोंडापर्यंत आलेली लाल नळी. दिसायला झकास, शास्त्राला धरून शून्य. गाभ्यातला वितळलेला भाग सुमारे २,९०० किलोमीटर खाली सुरू होतो, तो लोखंडाचा आहे आणि लाव्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. गाभा आणि वरचे कवच यांच्या मधला थर, म्हणजे प्रावरण, घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. हा पुरावा पाठ्यपुस्तकात असतोच, तरी मुले पेपरात लाल नळीच काढतात, कारण वाक्य विसरते आणि चित्र राहते.

दुसऱ्या संचात प्रावरण हिरवट केले. वरच्या प्रावरणात ऑलिव्हिन हे खनिज भरपूर, त्यामुळे तो खडक खरोखरच हिरवट असतो. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, दोन ठिकाणी बनताना दाखवला. जिथे तापलेला घन खडक वर सरकतो आणि त्याच्यावरचा दाब उतरतो तिथे, आणि जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाऊन सुमारे १०० किलोमीटरवर पाणी सोडतो तिथे. पाण्याने खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. म्हणजे दोन्हीकडे कोणी खालून जाळ वाढवलेला नसतो. वितळतो तोही खडकाचा थोडाच भाग. डोंगराखालची शिलारसाची ‘टाकी’ आम्ही रवाळ तुपासारखी रंगवली: दाणे जास्त, मधे द्रव. काही शिक्षकांना हिरवे प्रावरण खटकते. त्यांच्यासाठी शेजारी ऑलिव्हिनच्या दाण्यांचा फोटो ठेवला आहे.

लाल रंगाची दुसरी अडचण प्रोजेक्टरची. वर्गाच्या खिडक्यांना पडदे नसतात, दिवा जुना झालेला असतो आणि काळ्यावरचा गडद लाल भिंतीवर तपकिरी डागासारखा उमटतो. आता पार्श्वभूमी फिकट राखाडी असते आणि लाव्ह्याचा रंग तापमानाप्रमाणे बदलतो: १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास पिवळट नारिंगी, ९०० ला नारिंगी-लाल, ७०० ला मंद लाल, ५०० च्या खाली दिवसाउजेडी काळा. काळा पडलेला लाव्हा थंड असतो हा गैरसमज त्याबरोबरच गेला.

आवाजाचेही तेच. स्फोटाची घरघर हेडफोनवर छान वाजते, पण वर्गातल्या चार इंची स्पीकरमधून १०० हर्ट्‌झच्या खालचे जवळजवळ काही येत नाही. मुलांना चित्र दिसते आणि ऐकू येते शांतता. त्या घरघरीवर २०० ते ४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात थोडी भर घातली की छोट्या स्पीकरवरही ती जाणवते. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असतो तेव्हा हेही पुरत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य पडद्यावर अक्षरांत येते. आता अक्षरे म्हटली की जोडाक्षरे. ‘ज्वा’चे ‘ज्‌वा’ होणे आणि ‘र्मि’ची वेलांटी भलतीकडे जाणे हे अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास घडते. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचे टेक्स्ट इंजिन निवडावे लागते आणि मजकूर युनिकोडमध्येच लागतो. जुन्या फॉन्टमधली फाइल चिकटवली की कचरा उमटतो.

भाषेचा गुंता गोव्याचा खास आहे. प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून झालेला विद्यार्थी हायस्कुलात बहुतेक इंग्रजी माध्यमात असतो. ‘शिलारस’ त्याला आठवतो, पण परीक्षेत ‘मॅग्मा’ लागतो. म्हणून चित्रावर दोन्ही शब्द देतो आणि निवेदन मराठी, कोकणी, इंग्रजी अशा तीन ध्वनिपट्ट्यांत. मराठीतले नेहमीचे शब्दच इथे दगा देतात. ‘ज्वालामुखी’मुळे मुलांना वाटते की आत काही जळते आहे. ‘राख’ म्हटले की चुलीतली राख डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती फुटलेल्या खडकाची आणि काचेची दोन मिलिमीटरपेक्षा बारीक पूड असते. पाण्यात विरघळत नाही, भिजली की छपरावर जड होऊन बसते, आणि विमानाच्या इंजिनात वितळून पात्यांवर चिकटते. २०१० मध्ये आइसलँडच्या एका ज्वालामुखीने युरोपची विमाने जमिनीवर बसवली ती या पुडीमुळे. ‘धूर’ हा शब्द आमच्या संहितेत कुठेही नाही. तिथे वाफ, वायू किंवा राख असे नेमके लिहितो.

अकरा मिनिटांची फिल्म तिसऱ्या संचात तुटली. चाळीस मिनिटांच्या तासात हजेरी, दंगा आणि प्रोजेक्टर सुरू होणे वजा करून हाती पंचवीस राहतात, आणि फिल्म चालू असताना शिक्षकाला काही करायला उरत नाही. आता सात तुकडे आहेत, प्रत्येक चाळीस ते पंचेचाळीस सेकंदांचा, आणि प्रत्येकाच्या शेवटी चित्र थांबून एक प्रश्न येतो. ७२० रेषांचा एमपी४, एच.२६४, सेकंदाला अडीच मेगाबिट. चाळीस सेकंदांची फाइल साडेबारा एमबी होते आणि दोन जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही अडकत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करतो, कारण वर्गातले जुने टीव्ही दुसरे काही वाचत नाहीत. इंटरनेट लागेल असे काहीही ठेवत नाही. खऱ्या उद्रेकांचे चित्रण बहुतेक अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचे घेतो. त्या खात्याचे स्वतःचे चित्रण मुक्त वापराचे असते, पण त्याच पानांवर इतरांचे हक्क असलेले फोटोही असतात. प्रत्येक चित्राखालची श्रेयाची ओळ वाचूनच उचलावे.

सात तुकड्यांत आमच्या मते सगळ्यात कामाचा अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा. मार्च १९८० पासून डोंगराची उत्तर बाजू फुगत होती, दिवसाला दीड-दोन मीटर. १८ मेच्या सकाळी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला, ती फुगलेली बाजू घसरली आणि आतल्या शिलारसावरचे झाकण एकदम निघाले. स्फोट आडवा झाला आणि डोंगर सुमारे ४०० मीटरनी बुटका झाला. इथे चित्र थांबवून शिक्षकाने साध्या सोड्याची बाटली उघडायची. बंद असताना फुगे दिसत नाहीत, झाकण फिरले की सगळीकडून येतात. शिलारसात विरघळलेले पाणी आणि वायू असेच बाहेर पडतात. चिकट शिलारसात वजनाने चार-पाच टक्के पाणी असू शकते, आणि त्याची वाफ झाली की तिला जागा पुरत नाही. बाटली फ्रीजमधली नको. थंड सोडा वायू धरून ठेवतो आणि प्रयोग मिळमिळीत होतो.

प्रदर्शनातला खायच्या सोड्याचा आणि व्हिनेगरचा डोंगर आम्ही संचात ठेवला नाही. आम्ल आणि सोडा यांची ती रासायनिक क्रिया आहे, ज्वालामुखीत तसे काही होत नाही. करायचाच असेल तर हिशेब तरी नीट असावा. चार टक्क्यांच्या १०० मिलिलीटर व्हिनेगरला सोडा लागतो साडेपाच ग्रॅमच. मुले अर्धे पाकीट ओततात आणि उरलेला तळाशी पांढरा बसतो.

पडद्यावर न पटणाऱ्या दोन गोष्टींसाठी तिसऱ्या संचापासून प्रयोगाच्या साहित्याचा डबा देऊ लागलो. पहिली गोष्ट चिकटपणा. दोन पारदर्शक पेल्यांत ५०-५० मिलिलीटर, एकात पाणी, दुसऱ्यात बेकरीवाल्यांकडे मिळणारे लिक्विड ग्लुकोज, चार भागांना एक भाग पाणी घालून सैल केलेले. मत्स्यपेटीची बारीक नळी तळापर्यंत सोडायची आणि २० मिलिलीटरच्या सिरींजने १० मिलिलीटर हवा सावकाश ढकलायची. पाण्यात बुडबुडे लगेच फुटतात. ग्लुकोजमध्ये एक मोठा फुगा रेंगाळत वर येतो आणि फुटताना शिंतोडे उडवतो. पूर्वी काकवी देत होतो, ती स्वस्त, पण गडद असल्याने फुगा दिसत नाही आणि पावसाळ्यात आंबून आपोआपच फेसाळते. नळी तोंडाने फुंकू देऊ नये. पहिल्या बाकावरचा गणवेश वाचतो.

दुसरी गोष्ट, शिलारस वर कसा येतो. सगळ्यांना नळी वाटते, असते बहुतेकदा भेग. त्यासाठी जेलीचा डोंगर. नेहमीची कृती जिलेटिनची, लिटरला सुमारे ३० ग्रॅम. गोव्यात एप्रिलच्या वर्गात ती अर्ध्या तासात ढिली पडते. आम्ही चायना ग्रासवर आलो. समुद्रशेवाळाचे असल्याने शाकाहारी घरांचीही तक्रार नसते. एक लिटर पाण्यात आठ ग्रॅम पूड, उकळी आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे ढवळत ठेवायचे. दाणे दिसत असतील तर विरघळलेले नाही, तिथेच जेली पुढे फाटते. तेलाचा हात लावलेल्या वाडग्यात ओतून तीन तास. मग भोके पाडलेल्या फळीवर पालथे घालून, फळी दोन विटांवर ठेवून, खालच्या भोकातून रंगीत पाणी सोडायचे. सुई प्रिंटरची शाई भरायच्या संचातली, बोथट. सिरींजमध्ये हवेचा फुगा राहिला तर तोच आधी घुसतो. घाईने दाबले तर पाणी सुईच्या कडेने परत खाली येते. पूड बारा ग्रॅमवर गेली की जेली कडक होऊन फटकन दुभंगते. मिनिटाला पाच मिलिलीटरच्या बेताने दाबले की रंग पातळ पात्यासारखा उभा चढतो. बाजूने पाहिले तर रुंद पान, वरून पाहिले तर एक रेघ.

ती रेघ खडकात पाहायला दूर जावे लागत नाही. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या जुन्या खडकांत अशा भित्ती, म्हणजे भेगेतच थिजलेल्या शिलारसाच्या पातळ भिंती, घुसलेल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींचे वय सुमारे ६ कोटी २८ लाख वर्षे निघाले आहे. दख्खनचे मुख्य लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. ते थर गोव्यात फक्त ईशान्येला सत्तरीच्या टोकाशी आहेत, बाकीचा गोवा त्याहून कितीतरी जुन्या खडकांवर बसला आहे. मुले विचारतात, एवढा लाव्हा आला तो डोंगर कुठे आहे? डोंगर नव्हताच, भेगा होत्या. सह्याद्रीची शिखरे म्हणजे पसरलेल्या थरांची झीज होऊन उरलेले तुकडे. भारतातला जागता ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानातले बॅरन बेट. दीडशेहून जास्त वर्षे शांत राहून ते १९९१ मध्ये पुन्हा पेटले. हे ‘पेटले’सुद्धा संहितेतून काढले आहे, इथे सवयीने आले.

डब्यातल्या पाच दगडांपैकी एक मुद्दाम फसवा आहे: जांभा. चिऱ्यांच्या घरात वाढलेली मुले तांबडा, भोकाभोकांचा दगड पाहून ‘लाव्हा’ म्हणतात. जांभा हा खडक कुजून, पावसाने त्यातले बरेच काही धुऊन नेल्यावर उरलेला लोह-अॅल्युमिनियमचा साठा. त्याची भोके वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली, आत पिवळट माती. पांढऱ्या कागदावर घासला तर तांबडी रेघ उमटते. बुडबुड्यांच्या बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाची, भोके सुटी, गोलसर, गुळगुळीत काठांची असतात, कधी पांढऱ्या खनिजाने भरलेली. प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीचा फेसाळ हलका दगड, बादलीत टाकला की तरंगतो. बाजारात टाच घासायला मिळणारा दगड मात्र पारखून घ्यावा: भाजलेल्या विटेचा असेल तर बुडतो, बनावट फेसाचा असेल तर तरंगतो आणि सगळेच फसतात.

चौथ्या संचात भर पडली ती संगणकावरच्या दोन सरकपट्ट्यांची: सिलिका, म्हणजे शिलारस चिकट करणारा घटक, आणि पाणी. आधी दोन्ही शून्य ते शंभर होत्या. मुलांनी साहजिकच सगळे शंभरावर नेले आणि संगणकाने निसर्गात नसलेला स्फोट दाखवला. आता सिलिका ४५ ते ७५ टक्के आणि पाणी ० ते ६ टक्के. तापमानाची तिसरी पट्टी काढली, कारण ७०० अंशांचा वाहता बेसॉल्ट नसतोच. तापमान सिलिकेवरून आपोआप ठरते. ४८ टक्के सिलिका आणि अर्धा टक्का पाणी दिले की हवाईतल्या किलावेया ज्वालामुखीसारखा वाहता लाव्हा, ६५ आणि ५ दिले की सेंट हेलेन्स. सिलिका जास्त आणि पाणी कमी ठेवले की जाड लाव्ह्याचा घुमट हळूहळू वाढतो. बटण बिघडले म्हणून शाळांचे फोन येतात ते याच घुमटासाठी. पडद्यावर चाळीस सेकंद फारसे काही हलत नाही. वेग वाढवून द्या अशी मागणी आहे. कोपऱ्यात दिवस मोजणारा आकडा टाकला आहे, वेग तोच ठेवला आहे.

डब्यातला संपणारा माल म्हणजे चायना ग्रास आणि ग्लुकोज. दोन्ही चतुर्थीच्या सुट्टीआधी मागवावे, कारण त्या दिवसांत चायना ग्रास दुकानांतून मिठाईवाल्यांकडे जाते.